ए विंगचं ड्रेनेज परत तुंबलंय, कृपया सर्वांनी वाचा

ए-००२: सकाळी सहापासून बाथरूमच्या नहाणीतून घाण पाणी वर येतंय. वरून कुणी फ्लश केलं की बुडबुडे येतात आणि मागोमाग मैला. घरात ८२ वर्षांच्या सासूबाई आहेत. ए विंगच्या वरच्या सगळ्यांनी पाणी वापरणं थांबवा, हात जोडून विनंती.

बी-४०१: सुप्रभात मंडळी 🙏🌸

ए-३०२: वहिनी, आधी जाळी काढून बघा. केस अडकतात.

ए-००२: काढली, धुतली, परत बसवली. सकाळपासून आम्ही नळ उघडलेला नाही, तरी पाणी येतंय. म्हणजे ते आमचं नाही ना, भाऊजी?

सी-३०४: हेच मी २०१९ च्या वार्षिक सभेत सांगितलं होतं. ४ इंची लाइन पुरत नाही, ६ इंची टाका. इतिवृत्त काढून बघा.

सेक्रेटरी: नेहमीच्या माणसाला फोन केलाय. आधी बांबूच्या खपच्या घालून बघेल, नाहीच झालं तर चेंबरमध्ये उतरेल. मागच्या वेळी १५०० घेतले होते.

ए-२०१: सेक्रेटरी साहेब, कुणालाही उतरवू नका. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बी-३०३: अहो ताई, आपलं चेंबर छातीएवढं. विहीर थोडीच आहे?

ए-२०१: मैला साचला की तळाशी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू धरतो. थोडा असेपर्यंत सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. इतकी माणसं गेली तेव्हा हे झालं.

ए-३०२: तो स्वतःहून तयार असतो. आपण कुठे जबरदस्ती करतो?

ए-२०१: काका, त्याला १५०० ची गरज आहे म्हणून तो तयार असतो. त्याची दोन्ही मुलं आपल्या गेटपाशी खेळताना तुम्ही पाहिली आहेत. जेटिंगची गाडी बोलवा, ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाइन मोकळी करते.

सी-३०४: ६ इंची लाइन. २०१९.

बी-२०३: गाडीचा खर्च ए विंगने वाटून घ्यावा. आमच्याकडे काही तुंबलेलं नाही.

ए-४०२: बी विंगच्या लिफ्टचा रोप बदलला तेव्हा आम्ही असं म्हटलं होतं का?

बी-२०३: लिफ्टचा विषय आत्ता कशाला?

खजिनदार: आदर्श उपविधींनुसार ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चातून होते. विंगप्रमाणे वाटणी नाही. दुरुस्ती निधीतून देऊ. गेटबाहेरची लाइन महापालिकेची, तिथे अडलं असेल तर तिकडे तक्रार करावी लागेल.

सी-१०१: निवृत्त झालो तरी पाइपलाइनचंच काम केलंय आयुष्यभर, म्हणून सांगतो. चेंबरची झाकणं ओळीने उघडा. जिथे एक तुडुंब भरलेलं आणि पुढचं कोरडं दिसेल, त्या दोघांच्या मध्ये बोळा अडकलाय. जेटिंगचा पाइप पुढच्या कोरड्या चेंबरमधून उलटा आत घालायचा, तो बोळा फोडत वर जातो. झाकणं काढून थोडा वेळ लांब उभे राहा, वाकून बघू नका, काडी पेटवू नका.

सेक्रेटरी: काका, झाकणंच सापडत नाहीत. गणपतीआधी पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ती खाली गेली. वॉचमन म्हणतो एक बी-२०३ च्या गाडीखाली आहे.

बी-३०३: गाडी हलवायची तर आधी पंचांग बघावं लागेल 😂

ए-००२: हसा तुम्ही. आमच्या हॉलपर्यंत आलंय.

बी-२०३: काढतोय गाडी. पण पार्किंग देताना खाली चेंबर आहे हे मला कुणी सांगितलं होतं का?

ए-३०२: तोवर ॲसिड ओतून बघू का?

सी-१०१: मुळीच नको. फडक्याचा बोळा ॲसिडने सुटत नाही. ॲसिड पाइपात साचून राहतं आणि लाइन उघडणाऱ्याच्या तोंडावर उडतं.

सेक्रेटरी: ३.४०. गाडी आली, लाइन मोकळी झाली. कुणीही आत उतरलं नाही. निघालेला माल: वेट वाइप्सचा गठ्ठा, सॅनिटरी पॅड, पोछ्याचं फडकं, आणि तेलाचा साबणासारखा घट्ट झालेला थर. फोटो टाकत नाही, जेवणं चालू असतील.

सी-३०४: लाइन मोठी असती तर हे सगळं वाहून गेलं असतं. २०१९ पासून सांगतोय.

सी-१०१: नाही हो. पॅड ६ इंचीतही फुगतो.

ए-४०२: बाळ आमच्याकडे आहे म्हणून लगेच आमच्याकडे बोट नको. वाइप्सच्या पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलेलं असतं.

ए-२०१: वहिनी, बोट कुणाकडेच नाही. पाकिटावर काहीही लिहिलं तरी ते टॉयलेट पेपरसारखं विरत नाही. वाइप्स, डायपर, पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळं द्या. कचरा घ्यायला येणाऱ्या ताई हाताने वेगळं करतात, त्यांनाही कळलं पाहिजे. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, भांडी आधी कागदाने पुसा.

बी-३०३: ए-००२ वहिनी, सकाळी बोललो त्याबद्दल सॉरी. हॉल धुवायला माणूस पाठवू का?

ए-००२: आम्हीच धुतलाय, भाऊजी. फिनाइल संपलंय, तेवढं पाठवा. सेक्रेटरी साहेब, रविवारच्या सभेत झाकणं वर आणायचा विषय पहिला घ्या. आणि नेहमीच्या माणसाला आजची हजेरी द्या, तो चार तास गेटपाशी बसून होता.

खजिनदार: दिली.

सी-३०४: दुसरा विषय ६ इंची लाइन.