गोचीड चावल्याचा पुरावा सैनिकानंच का द्यायचा?

न्यूजर्सीकर: अमेरिकेत माजी सैनिकाला आजारासाठी भत्ता हवा असेल तर माजी सैनिकांचं सरकारी खातं, म्हणजे व्हीए, तीन गोष्टी बघतं: आजार आज आहे, नोकरीत काहीतरी घडलं होतं, आणि या दोन्हींचा संबंध आहे असं डॉक्टरांचं मत. मोडलेल्या पायाला हे ठीक. पण लाइम हा गोचिडीतून होणारा जिवाणूचा आजार; तो पसरवणारं गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं, चिकटलेलं कळतही नाही. बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञानं तो जिवाणू जगासमोर आणला १९८२ मध्ये. मग १९७८ ला विस्कॉन्सिनच्या फोर्ट मॅककॉयच्या रानात सराव केलेल्याच्या फाइलमध्ये ‘लाइम’ कुठून येणार? फार तर ‘ताप, सांधेदुखी, दोन दिवस आराम’. आखाती युद्धवाल्यांसाठी क्यू फिवर, मलेरिया धरून नऊ संसर्ग नोकरीतलेच मानतात. लाइमलाही तसंच माना.

कागदवाला: ती यादी ठरावीक भागातल्या तैनातीशी बांधलेली आहे, आणि बहुतेक रोग नोकरी सुटल्यापासून वर्षभरात दिसावे लागतात. लाइमची गोचीड कनेक्टिकटच्या परसातही असते. निवृत्तीनंतर तिथंच चाळीस वर्षं बागकाम केलेल्याला ती छावणीतच चावली, हे कशावरून? संशयाचा फायदा कायद्यात आहेच. पारडी समान झाली की निकाल सैनिकाच्या बाजूनं.

न्यूजर्सीकर: समान व्हायला पारड्यात काही पडायला तर हवं!

लॅबवाली: रक्त तपासूनही हे भांडण मिटणार नाही. अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहतात. संसर्ग होऊन गेला एवढं कळतं, कधी झाला ते नाही. शिवाय व्हीए लाइमला १०० टक्के अपंगत्व धरतं ते फक्त आजार सक्रिय असेपर्यंत. पुढे उरलेल्या त्रासावर, म्हणजे सांधे, मज्जातंतू वगैरेंवर टक्के ठरतात. तिथं दुसरी लढाई.

सुभेदार (नि.), सातारा: आपल्याकडे धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत जडला असं धरा, उलटं सिद्ध करायचं ते सरकारनं. तरी माणसं ट्रिब्युनलचे खेटे घालतातच. अपंगत्व पेन्शनच्या २०२३ च्या नव्या नियमांवरून पुन्हा वाद आहेतच. तेव्हा साहेब, नियम सैनिकाच्या बाजूनं असला म्हणून पेन्शन हातात पडते असं नाही.

कागदवाला: सुभेदारसाहेब, मान्य. अमेरिकेत २०१९ पासून नकारानंतर तीन वाटा आहेत; वरच्या अधिकाऱ्याकडे किंवा अपील बोर्डाकडे जायला मुदत वर्षाची. लोक रागाच्या भरात ‘वरच्या अधिकाऱ्यानं बघावं’ ही वाट धरतात, आणि तिथं नवा कागद घेतच नाहीत! डॉक्टरांचं पत्र मिळालं असेल तर पुरवणी दावा करायचा. तिसरी वाट अपील बोर्डाची, तिथं वेळ जातो. सोबतच्या जवानांचे जबाबही चालतात, तेही कोणी जोडत नाही.

न्यूजर्सीकर: १९७८ चे सोबती? कागदवाले, मला सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही. त्यांना दुसऱ्याच्या मांडीवरचा चट्टा आठवणार?