नवीन बाईक घेतलीय, पुढच्या ब्रेकची धास्ती बसलीय

नवशिक्या_१२५:
नमस्कार मंडळी. बाईक घेऊन पंधरा दिवस झाले, त्याआधी फक्त सायकल. मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं की हाताचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही, तोंडावर आपटशील, म्हणून मी आपला पायाच्याच ब्रेकवर. काल कुत्रं आडवं आलं, दचकून पाय दाबला तर मागचं चाक लॉक, गाडी सुर्रकन तिरकी झाली. वाचलो, पण नंतर पाच मिनिटं गुडघे लटपटत होते. स्पीड 40 असेल. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) नाहीये, सीबीएस (पुढचा-मागचा जोडलेले ब्रेक) आहे. नक्की चुकलं काय?

ढिली_चेन:
मामांना सांगू नकोस, पण सीबीएसमध्ये पाय दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतोच 😄
ब्रेक मारला की वजन सगळं पुढे येतं, पुढचा टायर रस्त्याला दाबला जातो आणि मागचा हलका होतो, आता हलक्या चाकाला जोरात ब्रेक लावला तर ते लॉकच होणार ना. जोरात थांबताना 70 टक्क्यांच्या वर काम पुढचाच ब्रेक करतो. लोक पडतात ते लिव्हर एकदम खेचल्यामुळे. आधी हलकं दाबायचं, शॉकअप (पुढच्या चाकाची स्प्रिंग) खाली बसला की मग जोर वाढवत न्यायचा, लिंबू पिळतो तसं. हँडल सरळ पाहिजे. बारीक खडी, वाळू, ओले पांढरे पट्टे असतील तर दोन्ही ब्रेक अगदी हलक्या हाताने, आणि हळू यू-टर्न घेताना हँडल वळलेलं असतं तेव्हा फक्त मागचा, नाहीतर जागच्या जागी आडवा होशील (माझा आरसा असाच गेला, तोही चार लोकांसमोर).
आणि मागचं लॉक झालं नि गाडी अजून सरळ असेल तर पाय सैल सोड. पण फार तिरकी झाली असेल तर एकदम सोडू नकोस, टायर अचानक पकडतो आणि तुला पलीकडे फेकतो.

सावकाश_जाऊ:
हे सगळं बरोबर, पण लगेच आज जाऊन ट्राय नको करूस. गाडी किती किलोमीटर झालीय? नवीन टायर सुरुवातीचे दीडशे किमी गुळगुळीत असतात आणि ब्रेक पॅडसुद्धा बसायचे असतात, तोवर जोरात ब्रेकिंग नकोच. टायरमधली हवा पण बघ, सकाळी गाडी थंड असताना, आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

नवशिक्या_१२५:
210 झालेत. हवा डिलिव्हरीनंतर एकदाही बघितली नाही, खरं सांगतो.

खड्डा_स्पेशलिस्ट:
ब्रेकवरून एवढी चर्चा चाललीय पण कुत्रं दिसलं कधी? 60 ला असशील तर नुसतं दचकून बोटं लिव्हरवर जाईपर्यंत, म्हणजे एका सेकंदात, गाडी 16-17 मीटर पुढे गेलेली असते. स्पीड दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं, दुप्पट नाही. म्हणून गर्दीत दोन बोटं कायम लिव्हरवर ठेव. दुसरं म्हणजे नजर. जिकडे बघशील तिकडे गाडी जाते. मी एका खड्ड्याकडे लांबून टक लावून बघत आलो, चुकवायचा चुकवायचा म्हणत बरोब्बर त्यातच घातली, शेजारी सहा फूट रस्ता मोकळा. नाव तिथूनच पडलंय. कुत्र्याकडे नाही, शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघ.

नवशिक्या_१२५:
अपडेट: आज हवा चेक केली, मागच्यात बरीच कमी निघाली. मग रिकाम्या पार्किंगमध्ये हेल्मेट-बूट घालून 20 ला, मग 30 ला, दोन्ही ब्रेक एकत्र, पंधरा-वीस वेळा. शॉकअप बसल्याचं खरंच मनगटात कळतं! पहिल्या दोन वेळा गाडी बंद पडली पण. क्लच कधी दाबायचा?

ढिली_चेन:
रोजच्या थांबण्यात अगदी शेवटी, गाडी गचके द्यायच्या आधी. इमर्जन्सीत दोन्ही हात एकदमच आवळले जातात, चालतं ते. फक्त नंतर पहिला गिअर टाकून ठेव, मागून कोणी येत असेल तर सटकता आलं पाहिजे.