वीज पुरेल हो, पण गल्लीतला ट्रान्सफॉर्मर?

दीपमाळ (धागाकर्ता):
इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की "एवढी वीज आणणार कुठून?" हे हमखास ऐकू येतं. माझ्या मते प्रश्न तिथे नाहीच. रोज ४० किमी चालणाऱ्या गाडीला ६ ते ८ युनिट लागतात, तेवढी वीज करता येते. अडचण आहे ती वेळेची. ७.४ किलोवॅटचा घरगुती चार्जर एवढी वीज तासाभरात ओढतो, आणि बहुतेकांचा तो तास एकच असतो: संध्याकाळी घरी परतल्यावरचा.

१०० केव्हीएचा (ढोबळमानाने १०० किलोवॅट पेलणारा) ट्रान्सफॉर्मर पन्नास घरांना पुरतो, कारण सगळी घरं एकदम पूर्ण लोड टाकत नाहीत. घरामागे सरासरी दोन किलोवॅट धरले की गणित बसतं. त्यात संध्याकाळी सात वाजता दहा चार्जर लागले तर ७४ किलोवॅटची भर पडते. म्हणून ठरावीक वेळ टाळू शकणारे चार्जरच विकण्याची सक्ती हवी, आणि ती गाड्या थोड्या आहेत तोवरच.

सरळरेघ:
भीती जरा जास्तच घालताय. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. तिथला ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बसला का? उलट वितरण कंपन्यांना हा ग्राहक हवाच आहे. तारा, खांब, सबस्टेशन यांचा खर्च रात्री दोन वाजताही चालूच असतो, पण तेव्हा वीज घेणारं कोणी नसतं. त्या वेळी युनिट खपले तर तोच खर्च जास्त युनिटांवर वाटला जातो आणि दर सगळ्यांनाच हलका पडतो.

दीपमाळ:
नॉर्वेत घरं विजेवरच तापवतात, त्यामुळे घरोघरची जोडणी आधीपासूनच दणकट आहे. हे उदाहरण सगळीकडे लागू होत नाही. रात्रीच्या खपाचा फायदा मला मान्य आहे. पण खप रात्रीकडे आपोआप सरकत नाही, म्हणून तर सक्ती म्हणतोय.

पाणवठा:
रात्र म्हणजे रामबाण नव्हे. बारानंतर स्वस्त दर ठेवला की सगळ्यांचे टायमर बाराच्या ठोक्याला सुरू होतात आणि मागणीच्या संध्याकाळच्या शिखराशेजारी दुसरं शिखर उभं राहतं. शिवाय तेलातल्या ट्रान्सफॉर्मरला रात्री थंड व्हायला उसंत लागते. आतल्या साध्या कागदी इन्सुलेशनचं तापमान मर्यादेच्या वर दर ६ अंशांनी चढलं की ते दुप्पट वेगाने खराब होतं. दिवसभर तापलेल्याला रात्रीही जुंपलं, तर तो त्या रात्री जळणार नाही, पण वर्षानुवर्षांचं आयुष्य गमावेल. हे नुकसान बिलात दिसत नाही, म्हणून कोणी बोलत नाही.

ब्रिटनचा नियम यासाठी बघण्यासारखा आहे. ३० जून २०२२ पासून तिथे विकला जाणारा घरगुती चार्जर मुळातच गर्दीची वेळ टाळणारा हवा, आणि सुरू होताना त्याने दहा मिनिटांपर्यंतचा कमीजास्त विलंब घ्यावा. सगळे एका क्षणी सुरू होऊ नयेत एवढ्यासाठी. मालकाला तातडी असेल तर त्याला हे बाजूला सारता येतं.

कोरा_कागद:
माझा सक्तीलाच विरोध आहे. आज विलंब, उद्या वितरण कंपनी माझा चार्जर लांबून बंद करेल. पहाटे रुग्णालयात जायचं असलं आणि गाडी अर्धीच भरलेली निघाली तर उत्तर कोण देणार? नेटवर्क मजबूत करणं हे कंपनीचं काम आहे. ते ग्राहकाच्या गळ्यात का?

तिसरी_ओसरी:
"कंपनीचं काम" म्हणजे पैसे कोणाचे? ट्रान्सफॉर्मर बदलला की खर्च वीजदरात येतो. ज्याच्याकडे सायकलही नाही, त्याने शेजारच्या कारसाठी जादा बिल भरायचं हे मला पटत नाही. ज्याच्यामुळे लोड वाढला त्याने मंजूर भार वाढवून घ्यावा आणि फरक भरावा. बस डेपोंना तर हे आधी लावा. १०० किलोवॅटचे पन्नास चार्जर एकदम चालले तर ५ मेगावॅट होतात, त्याला स्वतंत्र फीडरच (सबस्टेशनपासून वेगळी वीजवाहिनी) हवा.

सरळरेघ:
मग नवा एसी घेणाऱ्याकडूनही फरक घेणार का? कोरा_कागद यांची शंका मात्र रास्त आहे, लोक आवाहनानेही ऐकतात. सप्टेंबर २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत कॅलिफोर्नियात मागणी ५२,००० मेगावॅटच्या वर गेली. दुपारी ४ ते रात्री ९ गाड्या चार्ज करू नका, असं सांगितलं होतं. ६ तारखेला संध्याकाळी मोबाइलवर संदेश गेला आणि बघता बघता हजार मेगावॅटहून जास्त मागणी उतरली. ग्रिड टिकला.

दीपमाळ:
टिकला, पण संकटाच्या संध्याकाळी. रोज संदेश पाठवला तर आठवड्यात कोणी वाचणार नाही. कोरा_कागद, तुमच्या पहाटेच्या गाडीसाठी "आत्ताच भर" हे बटण नियमातच लिहून घेऊ, आणि ते लांबून बंद करायचा अधिकार कंपनीला नको. एवढं असेल तर सक्ती चालेल का तुम्हाला?

कोरा_कागद:
बटण माझ्या हातात आणि दंडाचा वेगळा दर नसेल, तर विचार करेन. दर लावणार असाल तर नाही.