'लातूरकडे बघा' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

किरकटवाडीकरीण: आमच्या किरकटवाडीत टँकरच्या पाण्यावर भागवावं लागतं, असं काल इथं लिहिलं, तर एकानं उत्तर दिलं, "२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. तुमचं काय एवढं?" खडकवासला धरण आमच्या हाकेच्या अंतरावर आहे. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी आम्ही टँकरवरच. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा याच भागातल्या पाण्यावर संशय होता. आठ वर्षांच्या मुलीला पाणी पाजतानाही माझा हात थरथरायचा. लातूरचे हाल आठवून माझी टाकी भरते का?

नारायणपेठी: १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. घर गेलं, भांडीकुंडी गेली. आम्ही कुणापुढे रडत बसलो नाही. हल्ली सोसायची सवयच उरलेली नाही.

मूळचा लातूरचा: माझ्या गावाचं नाव दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरू नका. आम्ही घागरी घेऊन रांगेत उभे असायचो, तेव्हा आजोबा म्हणायचे, "आम्ही बहात्तरचा दुष्काळ काढलाय, हे काहीच नाही." म्हणजे आम्हीसुद्धा बोलायचं नव्हतं! मग बोलायचं कुणी?

कोथरूडकर: ते राहू दे. पाण्याची सोय न बघता फ्लॅट घेतलेच कशाला? स्वस्त मिळाला म्हणून ना?

किरकटवाडीकरीण: बिल्डरनं पाणी देतो असं लिहून दिलं होतं. ताबा मिळाल्यावर हात वर केले. आणि स्वस्त? वीस वर्षांचं कर्ज आहे डोक्यावर.

धायरीतला: कोथरूडात सकाळी पाइप लावून गाड्या धुतात, ते आधी बंद करा. आमचं गाव २०१७ला महापालिकेत घेतलं, मिळकतकराची बिलं मात्र लगेच आली.

कोथरूडकर: आम्ही कर भरतो, फुकट पाणी वापरत नाही!

धायरीतला: मग आम्ही काय फुकटे? तोंड सांभाळून बोला.

कोथरूडकर: फुकटे म्हणालो नाही. बिलाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, तेवढं मान्य. पण फ्लॅट बघून घ्यायला हवा होता, हे मी म्हणणारच.

नारायणपेठी: मघाशी रडलो नाही असं लिहिलं, ते खरं नाही. आई रडली होती. शेजारच्या बाई तिला म्हणाल्या, "तुमची माणसं तरी वाचली." त्यानंतर पुराचा विषय तिनं घरात कधीच काढला नाही. ती गेली तोवर नाही. आज हे वाचताना ते आठवलं. तरीही टँकर आणि पूर यांची बरोबरी मला पटत नाही.

किरकटवाडीकरीण: बरोबरी मी केलीच नव्हती, काका. पाणी मागितलं होतं.