रावेर-यावलच्या गाळपट्ट्यातील भूजलाचा अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न :
भूगोलाच्या पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी मी सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या केळीच्या पट्ट्यातील भूजल हा विषय घेतला आहे. गावाच्या जलताळेबंदाचे जे नमुने मिळाले, ते सगळे बेसाल्टच्या प्रदेशातले आहेत. तीच पद्धत येथे चालेल का? शेतकऱ्यांच्या ट्यूबवेलमध्ये टेप सोडून मिळालेली पातळी ग्राह्य धरावी का?

उत्तर १ (भूजलशास्त्र) :
तत्त्व तेच राहते, परंतु गुणक बदलतो आणि सगळा फरक तिथेच पडतो. भूजल-अंदाजाच्या प्रचलित पद्धतीत झिजलेल्या बेसाल्टमधून निथळणाऱ्या पाण्याचे प्रमाण साधारण २ टक्के, तर पोयट्याच्या गाळासाठी १० टक्के धरतात. म्हणजे एका हेक्टरखाली पातळी १ मीटरने उतरली, तर बेसाल्टमधून २०० घनमीटर पाणी गेले असा हिशेब निघतो आणि गाळातून १,००० घनमीटर. बेसाल्टचा गुणक उचलून इथे लावलात, तर उपसा पाचपटीने कमी दिसेल.

पातळीबाबत म्हणाल तर पंप चालू असताना किंवा नुकताच बंद झाल्यावर घेतलेली नोंद निरुपयोगी असते. केळी बारमाही असल्याने विसावलेली पातळी मिळणे कठीण जाते, म्हणून वीज नसण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. आपली मोजणीही त्याच महिन्यांत ठेवल्यास जुन्या नोंदींशी तुलना करता येईल.

उत्तर २ (शेतकरी, यावल तालुका) :
आमच्याकडे जमिनीखाली वाळू आणि चिकणमाती यांचे थर आलटून-पालटून लागतात, आणि जाळीचा पाइप वाळूच्या प्रत्येक थरासमोर बसवलेला असतो. त्यामुळे टेपवर दिसते ती अनेक थरांची मिळून झालेली पातळी. बोअर घेताना कोणत्या खोलीवर काय लागले, याची वही काही ठेकेदार ठेवतात. ती मिळवल्याशिवाय पुढचे आकडे बोलणार नाहीत. दुसरे असे की, सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याच्या गोटे-वाळूच्या पट्ट्यात, म्हणजे बझाडात, जिरतात. भूजलाची खरी भरती तिथे होते. खाली चिकणमातीवर खोदलेल्या तळ्यातले पाणी बरेचसे उन्हातच उडून जाते, तरी कामे मात्र तिथेच जास्त काढली जातात, कारण जागा सोयीची असते!

उत्तर ३ (अकोला) :
पूर्णाकाठचा आमचा खारपाणपट्टाही गाळाचाच आहे, पण येथे पाणी किती यापेक्षा कसे हा प्रश्न आधी येतो. विहिरीचे खारे पाणी दिले की काळी जमीन चोपण होऊन घट्ट बसते, म्हणून पुष्कळ शेतकरी पावसाच्या ओलीवरच हरभरा काढतात. रोधकता सर्वेक्षणावर, म्हणजे जमिनीत वीजप्रवाह सोडून थर त्याला किती विरोध करतात यावरून खालचे थर ओळखण्याच्या पद्धतीवर, एकट्यावर विसंबू नका. चिकणमाती आणि खारट पाण्याने भरलेली वाळू, दोन्हींची रोधकता कमी येते आणि आलेखावर त्या सारख्याच दिसतात.

प्रश्नकर्ता :
आपणा सर्वांचा आभारी आहे. पायथ्यापासून तापीपर्यंत एकाच रेषेत विहिरी निवडल्या तर चालेल का?

उत्तर १ :
जरूर निवडा, मात्र ती रेषा एखाद्या नाल्याच्या कडेकडेने न्या आणि प्रत्येक विहिरीच्या काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवा. नुसती जमिनीपासूनची खोली मोजल्याने पाणी कोणत्या दिशेने वाहते ते कळणार नाही.