नऊवारी नेसली की घातली?

काठपदर : परवा ढोलपथकाच्या सरावाहून लेक आली आणि म्हणाली, "आई, पाडव्याच्या शोभायात्रेला आम्ही सगळ्याजणी नऊवारी घालणार." सासूबाई आतूनच कडाडल्या, "घालायला ती सतरंजी आहे का गं?" लुगडं नेसतात, सदरा घालतात, हे मलाही ठाऊक आहे. पण असं का, ते लेकीला सांगता येईना. यामागे काही नियम आहे का? आणि हल्ली जिकडेतिकडे 'साडी घातली' ऐकू येतं, ते हिंदीच्या 'पहनना'मुळे का?

शिंपीआळी : नियम आहे, आणि तो कापडाच्या बेतण्यात आहे. जे न शिवलेलं वस्त्र कमरेभोवती गुंडाळून खोचायचं, ते नेसायचं: लुगडं, साडी, धोतर, पंचा, सोवळं. जे शिवलेलं आहे, ज्यात हातपाय सरकवायचे, ते घालायचं: सदरा, चोळी, पायजमा. खांद्यावरून येतं ते पांघरायचं किंवा घ्यायचं: शाल, उपरणं, पदर, ओढणी. फेटा बांधायचा, लंगोट कसायचा, काजळ आणि दागिने लेवायचे. पूर्वी 'कपडे घालणे' हे एकच क्रियापद सगळ्या अंगाला पुरत नव्हतं.

'नेसणे' संस्कृतातल्या नि + वस् वरून आलं, 'पांघरणे' प्रावरणावरून. 'घालणे' मात्र मुळात आत टाकणे. गंमत अशी की पाय चपलेत जातो, पण आपण म्हणतो 'पायात चप्पल घातली'. अंग सदऱ्यात शिरतं आणि सदरा 'अंगात' घालतात.

जुना दाखला हवा असेल तर गीतेतला जीर्ण वस्त्रांचा श्लोक बघा. मूळ संस्कृतात माणूस नवी वस्त्रं 'गृह्णाति', म्हणजे नुसती घेतो. 1290 च्या ज्ञानेश्वरीत तिथे 'वेढिजे' आहे. वेढून घ्यायचं तेच वस्त्र, हे त्या शब्दातच आलं.

टिळकवाडी : आमच्या बेळगावात हा प्रश्न दोन भाषांत सुटतो. कन्नडमध्येही दोन क्रियापदं आहेत. साडी 'उडु', म्हणजे नेस. अंगरखा किंवा दागिना 'तोडु', म्हणजे घाल. एकूण पेहरावाला शब्दच 'उडुगे-तोडुगे'. नेसायचं आणि घालायचं अशी वाटणी थेट नावातच. गोव्याकडे कोकणीत 'न्हेसण' म्हणजे सगळाच पेहराव, तिथे नेसण्याने बाकीच्यांना पोटात घेतलंय. मराठीत आता उलटं चाललंय, एवढंच.

जुनाबाजार : सोपं आहे. आपल्याकडे शिवलेले कपडे मुसलमानी राजवटीत आले, त्याआधी सगळे नेसतच होते. पायजमा, पैरण, सदरा, खिसा, सगळे शब्द बाहेरचे.

शिंपीआळी : शब्दांबद्दल बरोबर. पायजमा म्हणजे फारसी पाय अधिक जामा, पैरण म्हणजे पैराहन, सदऱ्यात अरबी 'सद्र' म्हणजे छाती, आणि खिसा म्हणजे फारसी कीसा, थैली. पण शिवण त्याच्या कितीतरी आधीची. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा बिनडोक्याचा पुतळा आहे, त्याच्या अंगात लांब अंगरखा आणि पायात जाडजूड बूट आहेत. गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांवरही कोट-विजार दिसते. आणि आपले नामदेव महाराज शिंपीच ना? फारसी नावाचे कपडे आल्यावर शिवण वाढली, नवी झाली, हे मान्य. सुई त्यांनी आणली, हे नाही.

खिशावरून आठवलं, तो नसताना पैसा पुरुष कनवटीला लावत आणि बायका पदराच्या गाठीत बांधत. म्हणून स्वतःच्या पैशाने केलेला खर्च ही अजून 'पदरमोड'. जीन्स घालणारी मुलंही पदरमोड करतात, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. सरदार महाराजांच्या 'पदरी' असत, तेव्हा पदर फक्त बायकांचा असं समजू नये.

परकरपोलकं : झंपर कुणी आठवेल का? आमच्या आत्या ब्लाउजला झंपरच म्हणायच्या. तो इंग्रजी 'जंपर'. त्या शब्दाचं नातं फ्रेंच 'ज्युप'मार्गे अरबी 'जुब्बा'शी लावतात, आणि आपला झुब्बाही तिथलाच. म्हणजे आत्याचं झंपर आणि काकांचा झुब्बा लांबचे चुलतभाऊ निघायचे! काज-बटणातलं काज पोर्तुगीज 'कासा', म्हणजे घर. बटणाचं घर. आणि इस्त्रीही पोर्तुगीजच. (विषयांतर झालं, माफ करा. पण 'साडी घातली' ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो, हे नोंदवते.)

शिंपीआळी : काटा येऊ द्या ताई, पण सगळा दोष हिंदीवर नको. पुरुषांच्या डोक्यावर हेच आधी घडून गेलंय. पागोटं रोज डोक्यावर बांधत. पुढे कारागिराकडून घट्ट बांधून, टाके घालून तयार घेतलेली पगडी आली. ती टोपीसारखी उचलून ठेवायची, तेव्हा 'पगडी बांधली'ची 'पगडी घातली' झाली. कुणीही गळा काढला नाही. वस्त्र तयार मिळायला लागलं की क्रियापद बदलतं. काठपदरताई, लेकीची नऊवारी शिवलेली आहे की साधी?

काठपदर : आत्ताच कपाट उघडून पाहिलं. शिवलेली आहे. काष्टा आणि निऱ्या आधीच टाके घालून बसवलेल्या, कमरेला नाडी, बाजूला हूक. दोन पाय घालायचे, नाडी ओढायची, संपलं. म्हणजे लेक बरोबर बोलली होती! सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मग तिला नऊवारी म्हणू नका, विजार म्हणा.

त्यांनी लगेच ट्रंकेतून आपलं इरकली काढलं, धुवट, काठ विरलेलं. लेकीला समोर उभं करून अर्धा तास नेसवत होत्या. 'नेसवणे' हे क्रियापद मी कित्येक वर्षांनी घरात ऐकलं.

एक मात्र अडलंय. त्या शिवलेल्या नऊवारीचा पदरही आधीच चुण्या घालून शिवलेला आहे, खांद्यावर नुसती पिन लावायची. तो पदर 'घेतला' म्हणायचं की 'लावला'?