याशिका मॅट १२४जी: १ सेकंदावर शटर उघडंच राहतं. घरी उघडू का?

कराडचा_नीलेश
नमस्कार मंडळी. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाची कामं जास्त. त्यांचा याशिका मॅट १२४जी, म्हणजे वर-खाली दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा, माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. लेन्सला बुरशी नाही, रोल पुढे सरकवायची क्रँक फिरते, फोकसही नीट होतो. १/१२५ सेकंदापासून वर शटर ठीक वाटतं. १/३० ला रेंगाळतं आणि १/१५ पासून खाली शटरची पाती उघडली की उघडीच. कधी दहा सेकंदांनी मिटतात, कधी कॅमेरा हलवल्यावर. सकाळच्या गारठ्यात हे जास्त होतं.
पुढच्या महिन्यात वडिलांची पंचाहत्तरी आहे. त्यांचा फोटो त्यांच्याच कॅमेऱ्यानं काढायचाय. बजेट १५०० रुपये, त्यातच रोलही आला. मुंबई-पुण्याला पाठवण्याइतका वेळ नाही. घड्याळाचे स्क्रू ड्रायव्हर आहेत, हात बऱ्यापैकी स्थिर आहे. कुणी घरी केलंय का?

ठाणेकर_आनंद
घरी अजिबात नको. मी माझा १२४जी फोर्टात बोराबाजारातल्या एका कारागिराकडून पूर्ण सर्व्हिस करून घेतला. सहा हजार गेले, पण आज १ सेकंद म्हणजे १ सेकंद. आरसा बदलला, आतले फोम बदलले, बाहेरचं लेदरेट (नकली चामडं) सुद्धा नवीन लावलं. एकदा पैसे घाला आणि निर्धास्त व्हा.

मावळा७५०
गंज सोडवायचा स्प्रे मिळतो ना, तो नळीनं एक फवारा मारा. माझ्या गाडीचं कुलूप, गेटची कडी, पंपाचा व्हॉल्व्ह, सगळं त्यानंच सुटलं.

रेखा_मिरज
नीलेश, कृपा करून हे करू नका! मी केलंय. पंधरा दिवस शटर लोण्यासारखं चाललं, मग पाती एकमेकांना चिकटली आणि लेन्सच्या आतल्या बाजूला तेलाचा थर बसला. सासऱ्यांचा कॅमेरा होता. आजही कपाटात बघितला की वाईट वाटतं.

सुहास_काका
स्प्रे नको हे बरोबर. शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकानं एकच थेंब सोडा. आमच्याकडे सगळ्या यंत्रांना तेच.

घड्याळवाला_सांगली
काका, पात्यांना तेल नाही चालत, ती कोरडीच हवीत. पाती कागदासारखी पातळ असतात. तेलाचा नुसता पापुद्रा आला तरी चिकटतात.
नीलेशदादा, आधी दोष कुठे आहे ते ठरवा. पात्यांवर तेल असतं तर ती सगळ्याच वेगांवर अडकली असती. तुमची वरच्या वेगांवर चालतात, म्हणजे पाती बहुतेक स्वच्छ आहेत. या कॅमेऱ्यात कोपल एसव्ही शटर आहे. १ सेकंद, १/२, १/४ अशा कमी वेगांसाठी त्यात छोट्या दातेरी चाकांची वेगळी साखळी असते, तीच वेळ धरून ठेवते. १ सेकंदावर कान लावून ऐका, घर्रर्र असा आवाज येतो. तो मध्येच थांबत असेल तर त्या चाकांतलं जुनं ग्रीस घट्ट झालंय. गारठ्यात वाढतं, तेही त्यामुळेच.

पुणे_जुनाबाजार
मी रविवारी जुन्या बाजारातून याशिका डी घेतला, बाराशेत. त्याला क्रँक नाही, उजेड मोजायचा मीटर नाही, शटर हातानं ताणून तयार (कॉक) करायचं, त्यामुळे बिघडायला काही नाहीच. १२४जीपेक्षा तोच घ्या.

कराडचा_नीलेश
@घड्याळवाला, आवाज ऐकला. घर्रर्र सुरू होतो आणि निम्म्यात बंद पडतो. मग समोरची लेन्स काढून लायटरचं पेट्रोल लावलं तर?

बेळगाव_फोल्डिंग
लेन्स काढण्याआधी बारीक सुईनं खूण करून ठेवा! मी आग्फा आयसोलेटची पुढची काच काढली, खूण केली नव्हती, नंतर अनंतावरचं (अगदी दूरचं) फोकस महिनाभर जुळेना. त्यातच ते हिरवं ग्रीस गोंदासारखं झालेलं.

घड्याळवाला_सांगली
आयसोलेटला पुढची काच फिरवूनच फोकस होतो, म्हणून तिथे खूण लागते. १२४जीमध्ये दोन्ही लेन्सची पाटीच पुढेमागे सरकते. पुढचा भाग काढून पुन्हा शेवटपर्यंत घट्ट बसवला की फोकस जिथल्या तिथे.
पण दादा, तिथून फक्त पाती दिसतील. तुमची चाकं आणखी आत आहेत. पुढचं लेदरेट सोडवायचं, त्याखालचे कोपऱ्यांतले चार स्क्रू काढायचे, पाटी उचलायची, मग शटरची वरची चकती. त्यानंतर चाकांवर लायटरचं पेट्रोल टोकदार काडीनं थेंब थेंब सोडायचं, शटर चालवायचं, वाळू द्यायचं. असं दोन-तीनदा करावं लागतं, कारण विरघळलेलं ग्रीस वाहून पात्यांवर येतं आणि वाळलं की तिथेच धरतं. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस, उदबत्ती काही नको. पहिल्यांदाच करणाऱ्यानं समारंभाच्या तोंडावर हे करावं असं मला वाटत नाही.

ठाणेकर_आनंद
तेच मी म्हणतोय. कारागिराकडे द्या.

निवृत्त_हवालदार
बॅटरीचं काय? त्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही. साधा १.५ चा घातलात तर मीटर खोटं बोलणार.

डॉ_वैशाली
कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घाला, साधारण १.४ देतो. भोवती कडं लावलं की बसतो. माझा असाच चालतो.

निवृत्त_हवालदार
तो सेल स्टिकर काढल्यावर थोड्याच आठवड्यांत संपतो हो. आम्ही मीटरशिवाय फोटो काढले. ऊन कडक असेल तर लेन्सचं छिद्र एफ १६ आणि वेग एक भागिले फिल्मचा आयएसओ (तिच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा).

डॉ_वैशाली
संपेना का, एका समारंभाला पुरतोच की. आणि प्रश्न शटरचा आहे, मीटरचा नाही.

न्यूजर्सीचा_मंदार
उघडण्याआधी मोजा, फुकट होतं. मागचं झाकण उघडा, समोर खिडकी ठेवा, फोन स्लो-मोशनवर २४० फ्रेमला लावा. पाती किती फ्रेम उघडी दिसतात ते मोजायचं. १/६० ला ४ यायला हव्यात, १/३० ला ८. ट्यूबलाइट समोर नको, लुकलुकते. १/५०० एवढ्यात नीट कळत नाही, पण १/१२५ चा अंदाज येतो.
आणि बाजूची फ्लॅश-टायमरची एम-एक्स-व्ही खिट्टी एक्सवरच असू द्या. व्ही म्हणजे सेल्फ टायमर, जुन्या शटरमध्ये तो अडकला तर सगळंच अडकतं.

मावळा७५०
स्प्रेचं मागे घेतो, रेखाताई. मला पात्यांचं ठाऊक नव्हतं.

सुहास_काका
मी अजूनही म्हणेन, चाकांना थेंबभर तेल लागतंच.

घड्याळवाला_सांगली
काका, चाकांच्या आसांना घड्याळाचं तेल लागतं, तेही धुतल्यावर आणि सुईच्या टोकावर मावेल इतकंच. शिलाईचं जाड पडतं.

कराडचा_नीलेश
मोजलं. १/१२५ ला दोन फ्रेम, १/६० ला चार-पाच, १/३० ला आठऐवजी सतरा. म्हणजे १/६० पर्यंत भरवसा ठेवता येतो.
काल लेदरेटच्या कडेला पातं लावायला घेतलं, तेवढ्यात बाबा आले. लपवून ठेवलं होतं, पण आता सांगावंच लागलं. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, न बघता अंगठ्यानं चाक १/१२५ वर आणलं आणि म्हणाले, "लग्नात एक सेकंद कोण वापरतो? फ्लॅश, एफ ८, एकशेपंचवीस. सगळी वर्षं तेवढंच." तेव्हा लक्षात आलं, ती कमी वेगांची चाकं आत्ता नाही बिघडली, ती त्यांनी कधी फिरवलीच नव्हती.
ठरवलंय, उघडत नाही आणि पाठवतही नाही. आयएसओ ४०० चा १२ फोटोंचा एक रोल मागवलाय, तो बजेटात बसला. आयएसओ ४०० ला सकाळच्या उन्हात १/२५० ला एफ ११ पुरेल, नाहीतर अंगणात सावलीत १/१२५ आहेच. आईला बाबांच्या शेजारी बसवणार आहे. उरलेल्या अकरांतले काही बाबा काढणार म्हणतायत.

ठाणेकर_आनंद
ठीक, पण पंचाहत्तरी झाली की सर्व्हिस करून घ्याच. माझ्या कारागिराचा पत्ता निरोपातून देतो.

घड्याळवाला_सांगली
चांगलं ठरवलंत. रोल घालताना बाणाची खूण कॅमेऱ्यातल्या खुणांशी जुळली की झाकण लावा आणि क्रँक थांबेपर्यंत फिरवा. त्याआधी झाकणाच्या आतली, फिल्म सपाट धरणारी दाबपट्टी बघा. तुमचा रोल १२ फोटोंचा, म्हणून ती १२ वर हवी, २४ वर नको.

कराडचा_नीलेश
२४ वर होती! पुसताना माझ्याच हातानं सरकली असणार. १२ वर केली.